पणजोबांचे तीन मृत्यू

माझे पणजोबा तीन वेळा वारले. पहिल्यांदा समुद्रात बुडून, दुसऱ्यांदा तलाठ्याच्या दप्तरात, आणि तिसऱ्यांदा दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहरात, स्वतःच्या अंथरुणावर, पाच मुलांच्या देखत. तिन्ही मृत्यूंना पुरावा आहे. पहिल्याला माझ्या दादीचा शब्द, दुसऱ्याला सरकारी शिक्का आणि तिसऱ्याला डॉक्टरची सही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आहे. कोकणी मुसलमानांची या भागात जुनी वस्ती. भातशेती थोडी, वरकस जमीन फार, आणि वर खोताचा वाटा. त्यामुळे पुरुषमाणूस मिसरूड फुटली की दाभोळच्या धक्क्यावरून आगबोट धरायचा आणि मुंबई गाठायचा. कोणी जहाजावर खलाशी, कोणी गोदीत, कोणी भेंडीबाजारात कोणाच्या दुकानात. त्यातले काही पुढे सरकले आणि आफ्रिकेला गेले. १८६० सालापासून नाताळात उसाच्या मळ्यांवर मजूर जात होते, ते करारावर. त्यांची भरती मुख्यतः मद्रास आणि कलकत्त्याहून झाली. आमची माणसं करारावर गेली नाहीत. ती स्वतःच्या खिशातून तिकीट काढून गेली, म्हणून तिकडच्या इतिहासात त्यांना 'पॅसेंजर इंडियन' म्हणतात. केप टाऊनमध्ये त्यांनी फळभाजीची फेरी केली, किराणा मालाची दुकानं टाकली. गावाकडे त्यांना 'केपवाले' हे एकच नाव होतं. कोकणी बोली आजही केप टाऊनच्या काही घरांत म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे आणि तिथल्या भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यासही केला आहे. मराठीच्या विद्यापीठांना तिची आठवण कधी होईल ती होवो.

दादी, म्हणजे पणजोबांची सून, सांगायची: "ते प्लेगच्या साली गेले. एकदा आले. परत जाताना बोट बुडाली." एवढ्या तीन वाक्यांत माणूस संपायचा. कोणती बोट, कुठे बुडाली, असं विचारलं की ती चुलीतलं लाकूड पुढे सरकवायची. ही गोष्ट तिला तिच्या सासूनं, माझ्या पणजीनं सांगितली होती आणि जशी मिळाली तशीच तिनं आम्हाला दिली.

दुसरा मृत्यू मला सापडला तो जमिनीच्या वाटणीच्या निमित्तानं. जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, काढावे लागले. नोंद मोडीत होती. मोडी वाचणारे एक गृहस्थ गाठून ती वाचून घेतली. त्यात पणजोबा बुडालेले नव्हते. ते परागंदा होते, सात वर्षांत त्यांची खबरबात नव्हती, सबब त्यांना मयत समजून जमिनीला पत्नी आणि एक मुलगा असे दोन वारस लावले होते. ही सात वर्षं कुठून आली? १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यातल्या १०८व्या कलमातून. ज्यांना एखाद्याची खबर मिळायला हवी त्यांना ती सात वर्षं मिळाली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. म्हणजे सात वर्षं गप्प राहिलेला माणूस कायद्यानं मरू शकतो. बोट बुडाली असती तर हे कलम लागलं नसतं, मृत्यूच लागला असता. तेव्हा फेरफारानं दादीची गोष्ट खोटी ठरवली.

मग फेरफारालाही खोटं ठरवणारा कागद निघाला. आमच्या जमातीची जुनी वही आहे, उर्दूत. मशिदीच्या दुरुस्तीला कोणी किती दिले याचा हिशेब. साल हिजरी. हिजरी वर्ष चांद्र असतं, सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे तेहतीस हिजरी वर्षांत बत्तीसच इंग्रजी वर्षं बसतात. हा हिशेब न धरता लोक वयं काढतात आणि मग एकेका म्हाताऱ्याला दोन-तीन वर्षं जास्तीची मिळतात. मी सालं नीट लावून पाहिली. ज्या सात वर्षांत पणजोबांची खबर नव्हती, त्याच सात वर्षांत त्यांच्या नावानं केपहून दोनदा पैसे आले होते. वही लिहिणाऱ्यांची सही खाली आहे. त्याच गृहस्थांची सही फेरफाराच्या जबाबावर पंच म्हणून आहे. अक्षर एकच, वळण एकच. एका हातानं त्यांनी पणजोबांचे पैसे जमा करून घेतले आणि दुसऱ्या हातानं त्यांना परागंदा केलं. गावाला सगळं ठाऊक होतं.

हे असं का, याचं उत्तर आमच्याकडच्या कागदांत मिळण्यासारखं नव्हतं. तिकडे जावं, तर तिकडची वाटच कित्येक वर्षं बंद होती. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारतानं १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि माझ्या वडिलांच्या पासपोर्टवर तो देश सोडून बाकीच्या देशांना चालेल असा शेरा होता. तो निर्बंध १९९३ साली उठला. त्यानंतर तिकडची माणसं आपापली गावं शोधत कोकणात येऊ लागली. आमच्याकडेही एक बाई आल्या. पणजोबांच्या केपमधल्या मुलाची नात. नात्यानं माझी लांबची बहीण, वयानं मोठी, म्हणून मी त्यांना आपा म्हणतो. त्यांना इंग्रजी आणि आफ्रिकान्स येतं. कोकणी येत नाही, पण 'सांदण' हा शब्द येतो आणि ते करताही येतं. त्यांच्या मलाय पणजीला ते पणजोबांनी शिकवलं, असं त्यांच्या घरी सांगतात. आमच्या घरातल्या पुरुषानं चुलीशी बसून बायकोला पदार्थ शिकवला, ही बातमी आमच्या बायकांना बोट न बुडाल्याच्या बातमीपेक्षा जास्त धक्कादायक वाटली.

आपांनी आणलेल्या कागदांत तिसरा मृत्यू होता. दक्षिण आफ्रिकेत माणूस वारला की त्याच्या मालमत्तेसाठी एक सूचनापत्र भरून द्यावं लागतं. त्यात जन्मस्थान, आईबाप, लग्न, मुलं असे रकाने असतात. वंशावळी शोधणाऱ्यांना हा कागद सोन्यासारखा. पण तो भरतं कोण? मेलेला माणूस नव्हे, मागं राहिलेला. पणजोबांच्या पत्रावर जन्मस्थान 'बॉम्बे' आहे, आईबाप 'ठाऊक नाही', मुलं पाच, लग्न एकदा. आमचे आजोबा त्या पाचांत नाहीत. आपल्या फेरफारात ते पाच नाहीत. दोन्ही घरांनी अगदी समान न्याय केला.

आपांच्या घरीही प्लेगची गोष्ट होती. त्या म्हणाल्या, "ते प्लेगच्या वर्षी आले." दादीच्या हिशेबानं प्लेग म्हणजे मुंबईचा, १८९६ सालचा, मांडवीत सुरू झाला आणि लोक शहर सोडून पळाले, तो. आपांचा प्लेग केप टाऊनचा, १९०१ सालचा. बोअर युद्ध चालू असताना तिथल्या बंदरात जहाजांतून उंदीर उतरले आणि प्लेग पसरला. तेव्हा तिथल्या सरकारनं काळ्या लोकांना उचलून शहराबाहेर नेऊन ठेवलं. एका घरानं माणूस उंबरा ओलांडताना मोजला, दुसऱ्यानं धक्क्यावर उतरताना. मधली चार-पाच वर्षं तो मुंबईत आणि जहाजावर होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. कौटुंबिक इतिहासातली निम्मी भांडणं अशी मिटतात असं माझं मत झालं आहे. उरलेली निम्मी मिटत नाहीत.

१९०१ साली उतरले हे बरं झालं. १९०३पासून केपच्या वसाहतीत नवा कायदा लागू झाला. येणाऱ्या माणसाला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. मराठी, उर्दू, गुजराती चालणार नाही. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा हिब्रू लिपीत लिहितात, तिला पुढे १९०६ साली युरोपीय म्हणून मान्यता मिळाली. आधीपासून राहणाऱ्यांना या परीक्षेतून सूट होती, पण गावी जाऊन यायचं तर परवाना काढून जायचं, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन. परवान्याला मुदत. गावी ताप आला, पाऊस लांबला, बहिणीचं लग्न निघालं आणि मुदत टळली, की वीस वर्षांचं दुकान त्या किनाऱ्यावर आणि मालक या किनाऱ्यावर. आखातात नोकरी केलेल्या आमच्या गावकऱ्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

केप टाऊनला रोलंड स्ट्रीटवर जुन्या तुरुंगाच्या जागी पुराभिलेखागार आहे. पणजोबांची फाइल तिथून आली. पहिल्या परवान्यावर त्यांचा फोटो आहे. काळी टोपी, गळाबंद कोट, आणि माझ्या धाकट्या भावाचे कान. नाव अर्धवट. आमच्याकडे नाव, बापाचं नाव, मग आडनाव. कारकुनानं बापाच्या नावावर पेन थांबवला आणि तेच आडनाव झालं. आपांचं घराणं आजही आमच्या खापरपणजोबांचं पहिलं नाव आडनाव म्हणून लावतं. या परवान्यावर स्वच्छ लिहिलं आहे: पत्नी एक, भारतात. ते गावी आले, राहिले, मुदतीत परतले. माझे आजोबा त्या मुक्कामाची खूण. परतल्यावरच्या कागदावर: पत्नी एक, मुलगा एक, दोघंही भारतात.

इथून पुढे पणजोबांची गोष्ट एका निकालापाशी जाते. पोर्ट एलिझाबेथच्या हसन इसप यांची बायको बाई मरियम हिला उतरू दिलं नाही म्हणून प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न या देशाच्या कायद्यात लग्न नव्हे. एका दिवसात हजारो हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या दृष्टीनं ठेवलेल्या ठरल्या आणि त्यांची मुलं अनौरस. या निकालानं गांधींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या. आदल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोपाळ कृष्ण गोखले केप टाऊनला उतरले होते. गोखले मूळ गुहागर तालुक्यातल्या कोतळुकचे, म्हणजे आमच्या खाडीपलीकडचेच. शेवटी १९१४ साली 'इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट' झाला आणि गांधी जुलैमध्ये भारताकडे निघाले. आपल्या पाठ्यपुस्तकात हा विजय इथे संपतो.

त्या कायद्यात काय मिळालं ते मात्र पुस्तकात नसतं. मिळाली ती एक बायको. आपल्या धर्माच्या रीतीची एक बायको आणणं मान्य, पण त्या माणसाची दुसरी बायको दक्षिण आफ्रिकेत राहत नसेल तरच. सोळा वर्षांखालचा मुलगा आणता येईल, पण तो या मान्य बायकोचा असावा किंवा अशा बायकोचा असावा जी हयात असती तर मान्य झाली असती, पण आता मयत आहे. हे वाक्य मी आठ-दहा वेळा वाचलं. कायदा लिहिणाऱ्यांनी विधुराच्या पोरक्या मुलासाठी दार ठेवलं होतं. त्या दारातून आमच्या घरात काय शिरलं ते फाइलच्या पुढच्या पानावर आहे.

दरम्यान पणजोबांनी केप टाऊनमध्ये निकाह केला होता. केपचे मलाय म्हणजे डच अमलात इंडोनेशिया, भारत, पूर्व आफ्रिका इथून गुलाम म्हणून किंवा हद्दपार करून आणलेल्यांचे वंशज. भारतातले बहुतेक मुसलमान हनफी, पण कोकणातले आम्ही शाफई. मलायही शाफई. नमाजाची रीत एक, निकाहाची रीत एक. परक्या मुलखात एवढ्या आधारानं माणूस वीस वर्षं एकटा राहत नाही. मी त्यांना त्याबद्दल दोष देत नाही.

दोष पुढचा आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला तिकडे नेण्यासाठी अर्ज केला. अर्जात मुलाचं वय तेरा. शाळेच्या रजिस्टरवरून पाहता तो तेव्हा पंधरा पुरा करत होता. सोळाच्या आत बसवायचा आणि हाताशी थोडी जागा ठेवायची, एवढंच त्यात आहे. असली वयं तिथल्या फायलींत भरपूर सापडत असावीत. पण त्याखालचा रकाना असा: मुलाची आई – मयत.

म्हणजे कागदावर पहिला मृत्यू पणजोबांचा झालाच नाही. तो पणजीचा झाला.

अशा अर्जांना भारतातल्या मॅजिस्ट्रेटचा दाखला लागत असे, स्थानिक चौकशी करून दिलेला. अर्ज केप टाऊनहून समुद्र ओलांडून रत्नागिरीला आला, तिथून खेडला, तिथून आमच्या गावात. चौकशीला कोण आलं आणि ओसरीवर काय बोलणं झालं याचा कागद नाही. उत्तराचा आहे. रत्नागिरीहून केपला गेलेल्या पत्रात दोन ओळी आहेत: मुलगा अर्जदाराचा आहे. मुलाची आई हयात असून याच गावी राहते. खाली केपच्या अधिकाऱ्याचा शेरा, परवानगी नाकारली.

तिनं खरं सांगितलं होतं. आपण जिवंत आहोत एवढंच. गप्प राहिली असती तर मुलगा केप टाऊनला गेला असता, दुकानात बसला असता, आणि आम्ही आज तिकडचे असतो. घरातले काही जण अजून म्हणतात, म्हातारीनं मुलाचं नशीब घालवलं. मला तसं वाटत नाही. दारात उभं राहून 'मी मेले' असं सांगायची मागणी कोणी कोणाकडे करू नये, मुलाच्या भल्यासाठीसुद्धा.

त्यानंतर पणजोबा बुडाले. दादीच्या गोष्टीतली बोट मी बऱ्याच ठिकाणी शोधली होती. आता मला वाटतं, पणजीनं 'बुडाले' एवढंच म्हटलं असेल. आपल्याकडे उधारी बुडते, पेढी बुडते, घर बुडतं. समुद्रकाठच्या सुनेनं त्या शब्दाखाली बोट घातली. आणि काही वर्षांनी मुलाच्या नावावर जमीन चढवायची वेळ आली तेव्हा गावानं तिच्या बाजूनं जबाब दिला. मशिदीच्या वहीत त्याच माणसाचे पैसे जमा करणारे पंच खोटं बोलले, हे मी आधी फार कडक नजरेनं पाहत होतो. ओसरीवरची ती चौकशी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

केपकडच्या घरानं आमचं नाव का पुसलं, त्याचं कारण वेगळं आहे आणि तेही सरकारीच आहे. १९५० साली तिथे प्रत्येक माणसाची वंशावर नोंद सुरू झाली. १९५९ साली 'कलर्ड' या खात्याचे पोटभाग पाडले, त्यात 'मलाय' वेगळे आणि 'इंडियन' वेगळे. कोणी कुठं राहायचं, हे त्या शिक्क्यावर. आपांच्या घरात एका भावाच्या कार्डावर मलाय आणि दुसऱ्याच्या कार्डावर इंडियन लागलं. तेव्हा आजोबांचं गाव, तिथली बायको, तिथला मुलगा हे सगळं पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकणं शहाणपणाचं होतं. त्यानंतर माळाही गेला. त्यांचं घर डिस्ट्रिक्ट सिक्स भागात होतं. १९६६ साली तो भाग गोऱ्यांसाठी राखीव झाला, साठ हजारांवर माणसं हलवली, घरं पाडली. मशिदी आणि चर्च तेवढी उभी ठेवली. पेटी नातेवाइकांकडे फिरत फिरत वाचली.

आणि लग्नाचा तो सर्ल साहेबांचा निकाल? मुस्लिम रीतीच्या लग्नांना कायद्यात मान्यता नसणं घटनाबाह्य आहे, असं तिथल्या घटनापीठानं २८ जून २०२२ रोजी सांगितलं. मधे एकशे नऊ वर्षं गेली. आपांच्या पणजीचंही लग्न तिच्या हयातीत त्या देशाच्या लेखी लग्न नव्हतं. आमच्या पणजीच्या मृत्यूवर जिचा संसार उभा होता असं मी समजत होतो, तिच्या पायाखालीही कागद नव्हता.

आपा आल्या तेव्हा आमचे एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सातबारा दाखवू नकोस. वारस आहे ती." शरियतनं पाहिलं तर खरंच, दोघी बायकांत मिळून आठवा हिस्सा आणि बाकी सगळ्या मुलांत, मुलाला दोन तर मुलीला एक. मी आपांना ते सांगून टाकलं. त्या खूप हसल्या. डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या घरासाठी त्यांच्या कुटुंबानं १९९४च्या कायद्याखाली दावा लावलेला होता. जमिनीचे कागद काय असतात हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांना फेरफार बघायचा होता, पण वेगळ्या कामासाठी. त्यांच्या फाइलमध्ये पणजीचा उल्लेख चार ठिकाणी आहे आणि चारही ठिकाणी ती नुसती 'पत्नी' आहे, शेवटी 'मयत पत्नी'. नाव कुठंच नाही.

फेरफारात आहे. वारसाला नाव लागतंच. आधी तिचं नाव, मग 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, मग पणजोबांचं. मी बोट ठेवून एकेक अक्षर सांगत गेलो आणि आपांनी ते रोमन लिपीत लिहून घेतलं. शेवटच्या अक्षराचं स्पेलिंग कसं करायचं यावर आमचं एकमत झालं नाही. त्यांनी दोन्ही लिहिली.